कापायची राहिलेली फांदी

"तुमच्या झाडानं खाल्लं त्याला, आई… तुमच्या त्या झाडानं!"

अंतराचा आवाज चिरकला, आणि भेटायला आलेल्या माणसांनी भरलेली ती बैठकीची खोली एकाएकी गप्प झाली. साकेतला जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सावरत, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अशी ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, आणि तिच्या समोर पाण्याच्या पेल्यांचा ट्रे हातात धरून तिची सासू, नीला कर्णिक, जागच्या जागी थिजली होती.

बोलायला सुरुवात खरं तर सोसायटीचे सेक्रेटरी त्र्यंबकराव यांनी केली होती. माणूस सरळमार्गी, मनात काही वाईट नव्हतं. शेजारी बसलेल्या कुणाला तरी ते हलक्या आवाजात सांगत होते, "फांदी कापायला माणसं आली होती हो त्या आठवड्यात. दोर, मशीन, सगळं घेऊन. पण नीलाताईंना झाड कापलेलं चालणार नाही, असं साकेतच मला जिन्यात म्हणाला. परत पाठवली मग…" एवढंच. पण ते अंतराच्या कानावर गेलं.

कुणाला ते खोटं वाटावं, असं काही नव्हतंच! नीला कर्णिक म्हणजे झाडं, हे साऱ्या ठाण्याला माहीत होतं. तीस वर्षं तिनं झाडांखेरीज दुसरं काही रंगवलं नव्हतं. माणूस नाही, घर नाही, देवदेवतासुद्धा नाही. येऊरच्या रानातला पानगळीतला पळस, तलावाकाठचा वाकलेला पिंपळ, आणि सोसायटीच्या आवारातला तो अवाढव्य पर्जन्यवृक्ष… त्याची तर तिनं इतकी चित्रं केली होती, की प्रदर्शनाला येणारी माणसं 'हा तुमच्या दारातला ना?' असं विचारून ओळखायची. संध्याकाळी त्याची पानं मिटू लागली की हातातलं काम टाकून ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. साकेत लहान असताना म्हणायचा, आई, तुला दोन मुलं आहेत, एक मी आणि एक तो! अशा बाईनं फांदी कापू दिली नाही, यात नवल ते काय?

आणि तरीही ते खरं नव्हतं.

त्या झाडाची ती फांदी आजारी आहे, हे पहिल्यांदा कळलं होतं ते नीलालाच. चित्रासाठी झाडाकडे तासन्‌तास बघत बसणाऱ्या डोळ्यांना ते दिसलं होतं. पानांवर पिठासारखी पांढरी कीड धरली होती, गाड्या लावायच्या बाजूला गेलेली ती जाडजूड फांदी निम्मी उघडी पडली होती, आणि खोडाला ती जिथे फुटत होती तिथे बुरशीच्या तपकिरी चकत्या दिसू लागल्या होत्या. आतून पोकळ झालीय ही, तिनं मनात ओळखलं होतं. ती पाडण्याची कल्पनाही तिला सोसवत नव्हती, तरी तिनंच साकेतच्या मागे लागून, रोज आठवण करून करून, सोसायटीकडून महापालिकेची परवानगी आणवली होती.

माणसं आली त्या दिवशी सकाळी अंतराचा नुकता डोळा लागला होता. गेले कित्येक दिवस तिला झोप नव्हती, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. खाली पेट्रोलवर चालणारी ती करवत एकदा घरघरून गेली मात्र, अंतरा कळवळून म्हणाली, "साकेत… आज नको ना रे. सांग ना त्यांना. आत्ता कुठे झोप लागत होती मला…"

"जशी आज्ञा राणीसाहेब!" साकेत हसत हसत चपला घालून खाली गेला.

नीला स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिनं ते शब्द ऐकले. तिचे हात क्षणभर थांबलेही. पण मग तिच्या मनात आलं, एका दिवसानं काय होतंय… झोपू दे पोरीला. आणि तिनं पुन्हा कणकेत हात घातला.

जिन्यात साकेतला त्र्यंबकराव भेटले. गरोदर बायकोची झोपमोड होते म्हणून काम थांबवलं, असं चारचौघांत सांगायला त्याला संकोच वाटला असेल. आईचं नाव सांगणं सोपं होतं, कुणी पुढे काही विचारणार नव्हतं. "आईचं झाड आहे काका, तिला चालायचं नाही," तो म्हणाला, आणि विषय संपला. गेलेली माणसं दुसऱ्या कामावर लागली, ती काही लगेच परतली नाहीत. आणि त्यानंतर त्याच आठवड्यात, वारा नाही, पाऊस नाही, पानही हलत नाही अशा एका टळटळीत दुपारी साकेत ऑफिसला जायला म्हणून बाइक काढत असताना ती फांदी खाली आली.

ट्रे हातात धरून उभ्या असलेल्या नीलाच्या ओठांवर शब्द आले होते. अगं, मी नाही गं… मीच तर कापायला सांगितली होती! एवढं म्हटलं की झालं. साऱ्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या. पतीनं, आनंदनं, कोपऱ्यातल्या खुर्चीतून मान वर केली होती. पण त्याच क्षणी तिची नजर अंतराच्या पोटावर गेली, त्या पोटाला धरून ठेवलेल्या हातांवर गेली. मी नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न एकच… मग कोण? आणि त्याचं उत्तर या मुलीनं ऐकलं, तर ती जगेल? तिच्या पोटातला जीव जगेल?

"हो," नीला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "माझंच चुकलं, अंतरा. मीच नको म्हटलं होतं."

अंतरानं तिच्याकडे बघितलं. किती तरी वेळ, पापणी न हलवता बघितलं. मग एक किंकाळी फोडून ती आत धावली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून नीला घरात असली की अंतरा खोलीबाहेर येईना. जेवायला नाही, पाण्याला नाही. डोंबिवलीहून तिची आई आली, 'चल माहेरी' म्हणून विनवू लागली. पण ज्या खोलीत साकेतचे कपडे होते ती सोडायला अंतरा तयार नव्हती. डॉक्टरांनी आनंदला बाजूला घेऊन सांगितलं, हिचं मन शांत राहिलं नाही तर काही खरं नाही. त्याच संध्याकाळी नीलानं साड्यांच्या दोन पिशव्या भरल्या. तिच्या थोरल्या बहिणीचं आंबिवलीला एक लहानसं बैठं घर होतं, ती वारल्यापासून ते बंदच होतं. त्याची किल्ली नीलाकडे होती.

"हे घर तुझं आहे! तू का जायचंस?" आनंद कासावीस होऊन म्हणाला. "आणि काय म्हणून? मला माहीत नाही का, फांदी कापायला तूच…"

"अहो, हळू बोला."

"मी आत्ता जाऊन सांगतो तिला. साकेतनं सांगितलं होतं मला. तूच थांबवलंस म्हणावं, तूच!"

नीलानं त्याचा हात धरला. "त्या पोटातल्या जीवाची शपथ आहे तुम्हाला. साकेतचं तेवढंच उरलंय. मला तिनं दोष दिला तर मी सोसेन हो… तिनं स्वतःला दिला तर तिला कोण वाचवणार? तुम्ही इथेच राहा. तिला घरात कुणीतरी आपलं हवं."

आनंद लहान मुलासारखा ओंजळीत तोंड घालून रडला. नीलाच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. तिला वाटलं, नंतर येईल. ते आलंच नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी सोसायटीनं ते झाड मुळापासून तोडलं. नीलानं गॅलरीतून ते सगळं पाहिलं. खोडाचे ओंडके पडत होते, लाकडाचा ओला वास वर येत होता, खाली कुणी तरी मोबाइलवर चित्रण करत होतं. आपल्याला काही तरी वाटायला हवं, असं तिला वाटलं… आणि तिनं वाट पाहिली. काहीच वाटलं नाही.

आंबिवलीचे दिवस तसेच गेले. रंगांची पेटी, कागद, ब्रश सगळं ठाण्यालाच राहिलं, आणि तिनं ते मागवलं नाही. सकाळी उठून ती घर झाडायची, एका माणसाचा भात टाकायची, संध्याकाळी काळू नदीच्या काठानं चालून यायची. वाटेत झाडं होती, करंज होते, एक म्हातारी सावर होती, पाण्यावर ओणवलेला उंबर होता. पूर्वी असं एखादं खोड दिसलं की तिचं काळीज लकाकायचं, बोटं शिवशिवायची, सावली निळी आहे की जांभळी या विवंचनेत तिची रात्रीची झोप उडायची. आता उंबर दिसला की तिला एवढंच कळायचं, की हा उंबर आहे. तिला झाडांचा रागही येत नव्हता. राग आला असता तरी बरं झालं असतं!

शेजारच्या रंगूबाईला कुणी तरी सांगितलं होतं की ही बाई रंगकाम करते. एके दिवशी ती डबा आणि हातभर ब्रश घेऊन दारात उभी. "बाय, माज्या दाराला तेवरा निला रंग दे ना मारून." नीलानं दार रंगवून दिलं. दोन हात दिले, एक ओघळ येऊ दिला नाही. रंगूबाई हरखून गेली. नीला हात रॉकेलनं पुसून घरी आली आणि भांडी घासायला बसली.

नात झाली त्या दिवशी आनंदचा फोन आला होता. "नीला… मुलगी झाली गं! दोघी सुखरूप आहेत. कपाळ अगदी साकेतचं…" त्याला पुढे बोलवेना. "बरं झालं," नीला म्हणाली. फोन ठेवून ती मोरीत गेली, नळ सोडला, आणि बादली भरून वाहायला लागून किती तरी वेळ झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नुसत्याच उभ्या आहोत.

मुलीचं नाव रेवा ठेवलं. आनंद दर रविवारी आंबिवलीला यायचा, मोबाइलमधले फोटो दाखवायचा. रेवा रांगताना, रेवा उभी राहताना, रेवा शाळेच्या पहिल्या दिवशी वेण्या घालून. नीला प्रत्येक फोटो नीट बघायची, चष्मा पुसून पुन्हा बघायची, आणि फोन परत द्यायची. 'अंतरा कशी आहे?' एवढंच विचारायची. 'आहे', आनंद सांगायचा. 'नोकरीला जाते. बोलते कमी. तुझं नाव निघालं की उठून जाते.'

चौथं वर्ष सरत आलं तेव्हाच्या एका रविवारी आनंद आला तो चपला न काढताच दारात थांबला. त्याचा चेहरा बघून नीलानं हातातलं कापायला घेतलेलं पडवळ खाली ठेवलं.

"काय झालं हो? रेवा…?"

"रेवा ठीक आहे." तो आत येऊन खाटेच्या कडेला टेकला. "अंतरा लग्न करतेय. विनीत म्हणून आहे, तिच्या ऑफिसातला. मुलगा चांगला आहे. अगदी चांगला आहे, तेच तर… मला नाव ठेवायला जागा नाही. घोडबंदर रोडला फ्लॅट आहे त्याचा. दिवाळीनंतर रेवाला घेऊन तिकडे जाणार ती."

"छान झालं," नीला म्हणाली. "तिचं वय आहे का एकटं राहायचं?"

"छान झालं?" आनंद उसळला. "अगं, माझा मुलगा गेला. माझी बायको जिवंत असून मी तिला आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखा भेटतो. आता नातही चालली! आणि तू म्हणतेस छान झालं! निदान आता तरी मला बोलू दे, नीला. रेवानं तुला एकदाही पाहिलेलं नाही. उद्या ती मोठी होईल, कुणी तरी तिला सांगेल की तुझ्या आजीनं तुझ्या बापाला मारलं… चालेल तुला?"

"चालेल," ती म्हणाली.

"दगड झालीस तू!"

"असेन."

"मी तिला सांगणार. मोडली शपथ. जन्मलं ते मूल, शाळेत जायला लागलं. कसली शपथ आता?"

"अहो…" नीला उठून त्याच्यापाशी आली. तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "चार वर्षांनी ती पोर पुन्हा जगायला निघालीय. उंबरठ्यावर असताना तिच्या डोक्यावर हे टाकायचं? मग मी इथे राहिले कशासाठी? माझं एवढं तरी वाया घालवू नका."

तिनं चहाचं आधण ठेवलं होतं. आनंद चहा न घेताच उठून गेला. ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे दारातून पाहत उभी राहिली, आणि मग परत येऊन तिनं उरलेलं पडवळ कापलं.

पुढच्या आठवड्यात, उन्हं कलायला लागली असताना, गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. नीला वाळलेले कपडे काढत होती. गाडीतून एक उंचसा तरुण उतरला, मागच्या दारातून दप्तर पाठीला लावलेली एक चिमुरडी उतरली, आणि मग… नीलाच्या हातातून चादर खाली पडली.

अंतरा एकटीच गल्लीतून चालत आली. किती वाळली होती! गळ्याची हाडं दिसत होती. ती दारापाशी येऊन थांबली. आई म्हणावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं असं दिसलं.

"आत ये," नीला म्हणाली.

घरात एकच खुर्ची होती. अंतरा तिच्यावर बसली नाही. खाली जमिनीवरच बसली. नीलानं पाणी दिलं. पेला हातात धरून अंतरा म्हणाली, "बाबांनी मला काही सांगितलेलं नाही. आधी तेवढं सांगते. नाही तर तुम्हाला वाटेल, त्यांनी शपथ मोडली."

"कसली शपथ?"

"मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"फांदी मी थांबवली होती." अंतराचा आवाज अगदी सपाट होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "मीच म्हणाले होते, आज नको. मला आठवतंय. मला पहिल्यापासून आठवतंय! विसरले नव्हते मी… एक दिवससुद्धा नाही."

बाहेर रंगूबाईची कोंबडी कलकलत होती. नीलाला ती नीट ऐकू येत होती. अंतराचे शब्द मात्र कुठून तरी लांबून, पाण्याखालून यावेत तसे येत होते.

"त्र्यंबककाका बोलले ना, की नीलाताईंनी नको म्हटलं… तेव्हा मी आत पडून होते. दोन दिवस मी छताकडे बघत एकच म्हणत होते, मी मारलं, मी मारलं. आणि ते ऐकलं आणि मला… मला बरं वाटलं, आई! कुणी तरी दुसरं मिळालं. मी उठून बाहेर आले आणि तुमच्यावर ओरडले. मला वाटत होतं, तुम्ही आता म्हणाल, मी नाही, हिनंच. सगळ्यांदेखत म्हणाल. म्हणायलाच पाहिजे होतं तुम्ही! आणि तुम्ही 'हो' म्हणालात." तिनं पेला खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. माझ्यासाठी खोटं बोललात हेही कळलं. आणि मी ते घेतलं. तुम्ही दिलंत, आणि मी घेतलं… दार लावलं, आणि तुम्ही घर सोडून जाईपर्यंत उघडलं नाही. तुमचं तोंड बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं ना…!"

नीला भिंतीला टेकून उभी होती. आपण आता हिला जवळ घ्यायला हवं, हे तिला समजत होतं. हात मात्र उचलत नव्हते. चार वर्षं जिला सावली दिली असं ती समजत होती, ती मुलगी त्या सावलीत एकटीच जळत राहिली होती. कुणासाठी मग ते सगळं? रेवाचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, वेण्या घालून शाळेत जाणं… ते कुणासाठी सोडलं आपण?

"चार वर्षं, अंतरा," ती म्हणाली. आवाज कापरा झाला तेव्हा तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "माझी नात… मी तिला हातात घेतलं नाही गं. चार वर्षं तुला माहीत होतं आणि तू…"

"मारा मला."

"काय बोलतेस!"

"मारा. नाही तर शिव्या द्या. काही तरी करा, आई. असं शांत उभं राहू नका… त्याचीच मला भीती वाटते हो, तुमच्या या शांतपणाची!" अंतरानं दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. "विनीतला मी सगळं सांगितलंय. माझ्या आईला सांगितलं. आज सकाळी त्र्यंबककाकांकडे जाऊन सांगितलं, त्यांच्या घरात बायकामंडळी बसली होती त्यांच्यासमोर सांगितलं. बाबांना सांगितलं, ते रडायलाच लागले, तेव्हा शपथेचं कळलं. आता कुणाकडूनच लपवायचं राहिलं नाही. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुमच्यावरचं उतरवायला आलेय फक्त."

नीला हळूहळू खाली बसली. अंतराच्या समोर, जमिनीवर. ती म्हणाली, "मीही ऐकलं होतं."

अंतरानं मान वर केली.

"कणीक मळत होते मी. तू म्हणालीस ते ऐकलं. फांदी पोकळ आहे हे घरात मला एकटीलाच नीट माहीत होतं. तुला काय माहीत? साकेतला काय माहीत? मी बाहेर येऊन म्हणायला हवं होतं, झोप नंतर, आधी ती फांदी पाडा. नाही म्हटलं. मनात म्हटलं, झोपू दे पोरीला." तिनं अंतराच्या कपाळावरचे केस मागे सारले. हात आपोआप उचलला गेला होता. "तू झोप मागितलीस, त्यानं ती दिली, मी देऊ दिली. यात कुणी कुणाला मारलं गं?"

अंतरा तिच्या मांडीवर कोसळली. तिचं सारं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं, आणि नीला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, फिरवतच होती… पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांत अजूनही काही नव्हतं. तिथे सगळं कोरडंच होतं.

दारात चाहूल लागली. विनीत संकोचून बाहेरच थांबला होता. "सॉरी काकू, ही ऐकेचना… शू आलीय म्हणते," तो म्हणाला.

त्याच्या हाताखालून रेवा आत शिरली. काम उरकून आल्यावर ती नीलासमोर येऊन उभी राहिली, आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत निरखून म्हणाली, "तू कोण?"

अंतरानं डोळे पुसले. "ही तुझी आजी. बाबांची आई."

"मग ती आपल्याकडे का नाही राहत?"

"माझ्यामुळे," अंतरा म्हणाली. "माझं चुकलं होतं."

रेवाला एवढं पुरलं. तिनं दप्तर काढलं आणि चित्रकलेची वही जमिनीवर पसरली. "आजोबा म्हणतात तू खूप मोठ्ठी झाडं काढतेस."

"काढायचे."

"मला झाड येतं. मला बाबा काढून दे ना."

"बाबा?"

"फोटोत गॉगल घातलाय त्यांनी. आणि दुसऱ्या फोटोत हेल्मेट." रेवानं तिच्या हातात पेन्सिल कोंबली. "मला कळतच नाही ते कसे आहेत."

नीलानं पेन्सिलीकडे बघितलं. तीस वर्षांत तिनं कुणाचा चेहरा काढला नव्हता. पोटच्या पोराचासुद्धा नाही. तो समोरच असायचा, कधी काढावासाच वाटला नाही. "मला माणसं येत नाहीत गं बाळा," ती म्हणाली. पण रेवा वहीवर कोपर टेकून वाट बघत होती, आणि नीलानं कागदावर पेन्सिल ठेवली ती केवळ तिला नाही म्हणवेना म्हणून.

पहिली रेघ कपाळाची आली. रुंद, केसांपाशी किंचित मागे गेलेलं कपाळ. ताप आला की रात्र रात्र याच्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या… रेघ खाली उतरली, कानशिलापाशी वळली, कान आला, पाळी जरा सुटलेली, थेट आनंदसारखी. मग गाल. हनुवटी. हाताला सगळं ठाऊक होतं. आणि त्या कोऱ्या, अजून डोळे नसलेल्या चेहऱ्याकडे बघता बघता नीलाच्या घशातून एक आवाज निघाला, जो तिनं स्वतः कधी ऐकला नव्हता.

"साकेत…! माझा साकेत गेला गं, अंतरा… माझं पोर गेलं!"

जणू ते आत्ता घडलं होतं. चार वर्षं ती फांदी, तो दोष, ते खोटं छातीशी धरून बसली होती ती; त्या सगळ्याखाली साकेत होता, आणि त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. अंतराचंही राहून गेलं होतं. दोघी एकमेकींना घट्ट धरून रडल्या. आता दोष कुणाचा, क्षमा कुणी करायची, यातलं काहीच मधे नव्हतं. एक उमदा, हसरा मुलगा या जगातून निघून गेला होता, आणि त्या दोघी त्याच्या होत्या.

रेवा घाबरली. "आई, आजीला काय झालं?"

"काही नाही, राणी. आजीला बाबांची आठवण आली."

"मग पूर्ण कर ना, आजी. डोळे राहिलेत."

नीलानं पदरानं तोंड पुसलं. कागदावर दोन थेंब पडले होते, ते तिनं बोटानं टिपले. तिनं डोळे काढले, मग भुवया. उजवी जरा वर उचललेली.

"डावी," अंतरा नाक ओढत म्हणाली.

"काय?"

"थट्टा करताना तो डावी भुवई वर करायचा. उजवी नाही."

"अगं, मी जन्म दिलाय त्याला!"

"मी रोज समोर बसून जेवायचे त्याच्या, आई. डावीच होती."

नीलानं डोळे मिटले. तिनं त्याला आठवून पाहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं. मग तिनं रेवाकडे खोडरबर मागितलं, उजवी भुवई पुसली, आणि डावी वर उचलली.